सव्वादोनचा रीस्टार्ट

१०० टक्के

डिस्क शंभर टक्के. म्हणजे संगणक जीव तोडून काहीतरी करतोय, आणि ते माझं काम नाही.

मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची यादी उघडली. पीडीएफ वाचणाऱ्याचा अपडेटवाला. कॅमेऱ्याचा. गाण्यांचा. शिवाय चार वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या प्रिंटरचा. प्रिंटर गेला, हा मात्र रोज सकाळी हजर: नवीन काही आलंय का? हे सगळे मी काल बंद केले होते. परवाही. आज पुन्हा सगळे चालू.

घरात माणसं दोन. त्यातली एक मी. भुतं नाहीत.

"बाबा, परत हात लावलात?"

"लावला."

बाबांनी एकतीस वर्षं कारखान्यांचे बॉयलर तपासले. देखभाल टाळलेलं यंत्र दिसलं की त्यांचा जबडा आवळतो.

"देखभाल थांबवणाऱ्याला मी कामावरून काढायला लावायचो."

"हा बॉयलर नाही. फुटणार नाही."

"सगळे असंच म्हणायचे. फुटेपर्यंत."

मी सगळे पुन्हा बंद केले. त्यांच्यादेखत, एकेक. सूचनाही बंद केल्या, त्या कोपऱ्यात उगवणाऱ्या आगाऊ चौकटी. नंतर आठवण करू का? नको. कधीच नको.

४१ टक्के

दोन वाजता माझी परीक्षा होती. डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं आणि अर्ध्या तासात टाइप करायचं. पास झाले तर घरबसल्या नोकरी. नापास झाले तर सहा महिने परत बसता येत नाही. मी कामाला होते तो छापखाना बंद पडला तेव्हापासून दोन वर्षं मी या घरात आहे, म्हणजे बाबांच्या तपासणीखाली: गॅस का मोठा, खिडकी का उघडी, अजून अंघोळ का नाही.

परीक्षेचं त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर खुर्ची घेऊन मागे बसले असते.

दोनला सुरू झालं. डॉक्टर नाकात बोलत होते. रुग्णाला तीन आठवड्यांपासून धाप लागते, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, डाव्या पायाला सूज, झोपताना दोन उशा घ्याव्या लाग



काळा पडदा. मधोमध फिरणारे ठिपके. अपडेट होत आहे, संगणक बंद करू नका.

वीस मिनिटं मी हेच वाक्य वाचत होते. मग उठून बाबांच्या खोलीत गेले.

"सव्वादोनचा रीस्टार्ट कोणी लावला?"

"मी. सकाळी." पेपर खाली न करता. "तू रोज बंद करतेस, मी रोज चालू करतो. तेरा दिवस अपडेट अर्धवट लोंबकळत होतं. काल पूर्ण उतरलं. म्हटलं, कारखान्यातल्यासारखं दुपारची पाळी बदलताना थांबवू यंत्र. तीच पद्धत आहे."

"कुठली पाळी? कुणाची पाळी?"

"पाच मिनिटं आधी सूचना येते. आली असेल की तुला."

मी दाराची कडी वरखाली करत राहिले.

पेपर खाली आला. "बंद केलीस?"

"परीक्षा होती माझी!"

"एका शब्दाने बोलली असतीस तर—"

"तर डोक्यावर येऊन बसला असतात."

"बसलो असतो. यंत्र थांबलं नसतं."

हे खरं होतं. त्यांचा गळा धरावासा वाटला तो त्यामुळेच.

कारण

परीक्षेच्या कार्यालयाला हाताने लिहायचा अर्ज. परीक्षा का तुटली याचं कारण, खाली घरातल्या दुसऱ्या माणसाची सही. मी लिहिलं: वीज गेली.

बाबांनी कागद परत सरकवला. "वीज गेली नव्हती."

"सही करा."

"एकतीस वर्षांत खोट्या कागदावर केली नाही. तुझ्यासाठी तर मुळीच नाही."

"माझी नोकरी आहे त्यात!"

"मग नीट लिही. वेळ वडिलांनी लावली, उमेदवाराला न सांगता. सूचना उमेदवाराने बंद केल्या, वडिलांना न सांगता. यातलं एकही गाळलंस तर सही नाही."

दात खात लिहिलं. त्यांनी सही केली, खाली तारीख, तारखेखाली वेळ. मी फोटो काढून पाठवला. पाऊण तासाने उत्तर आलं: आज पाच वाजता, शेवटची संधी.

३ टक्के

"आता सगळे चालू कर," बाबा म्हणाले. "होऊ दे पूर्ण. मग कोणी मध्ये येणार नाही."

केले. दुसरा इलाज नव्हता. साडेचारला डिस्क तीन टक्क्यांवर आली. प्रिंटरचाही गप्प झाला.

"बघ," बाबा म्हणाले.

नसते म्हणाले तर कदाचित पुढचं झालं नसतं.

"चपला घाला."

"कशाला?"

"पाच ते साडेपाच तुम्ही घरात नकोत."

"घर माझं आहे."

"संगणकही तुमचाच आहे. म्हणूनच."

"या उन्हात?"

"जिन्यात सावली आहे."

गेले. मी कडी लावली.

या वेळी खांदा निखळलेला रुग्ण, डॉक्टर तेच, नाकातले. एकोणतिसाव्या मिनिटाला मी शेवटचं वाक्य टाइप केलं आणि बेल वाजली. 'पाठवा' दाबलं. पोचल्याची ओळ आली. बेल पुन्हा वाजली. मी पाणी प्यायले, भांडं विसळलं, पुसून पालथं घातलं.

"झाली का?" दाराबाहेरून.

मी खुर्चीत बसून राहिले.

"पोरी, झाली का परीक्षा? एवढं तरी सांग."

सांगितलं नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा पायरीवर बसल्याचा आवाज आला.