पलीकडचा श्वास

कारखान्यात टेलिफोनवर बसणाऱ्या ताईंना साहेबांनी सकाळीच बजावलं, "फिटरला कामावरून कमी केलंय. कोणी विचारलं तर सांगा, तो इथे नाही." ना नोटीस, ना बोलणं, त्याला गेटवरूनच परत पाठवलं होतं.

दुपारी फिटरच्या बायकोचा फोन आला. ताई शिकवलेलं बोलून गेल्या.

"अहो, असं कसं? डबा घेऊन गेलेत की ते!" मग पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला.

तेव्हापासून कुठलाही फोन उचलला, की ताईंना आधी तो श्वासच ऐकू येई.

पुढे वेल्डरला कमी करायची वेळ आली, तेव्हा ताई साहेबांना म्हणाल्या, "आधी त्याला समोर बसवून कारण सांगा, मुदत द्या. नाहीतर मी फोन उचलणार नाही."

साहेब चरफडले, तरी त्यांनी वेल्डरला केबिनमध्ये बोलावलं. काचेआड तो मान खाली घालून ऐकत होता. आपणच मागितलेलं, तरी ताईंना बघवेना.