कपाटातला छोटा पट्टा

मी लहान मुलांचं बीपी मोजायचा पट्टा बोलतोय. निळा, वीतभर लांब. आकारावर जाऊ नका.

व्होल्टा नदीकाठच्या या दवाखान्यात मी भेट म्हणून आलो. मोठ्या सिस्टर डेला मला पाहून हरखल्या. "अगं बाई, एकच आहे! हरवला तर दुसरा कुठून आणू?" म्हणाल्या आणि मला काचेच्या कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. तिथे मी दोन वर्षं पडून होतो. जीव लावायची ही कुठली तऱ्हा, सांगा!

काचेतून सगळं दिसायचं. सात वर्षांची सित्सोफे दर आठवड्याला यायची. तिची मूत्रपिंडं आजारी होती. तिच्या काडीएवढ्या दंडाला मोठ्या माणसांचा पट्टा बांधायचे. मापापेक्षा मोठा पट्टा आकडा कमी दाखवतो. सिस्टर म्हणायच्या, "बीपी झकास!" आणि पोरगी डोकं धरून बसायची. मी आत नुसता तडफडायचो.

एकदा तिची आई अक्पेने दुकानातून तशीच धावत आली. ती शिंपीण, टेप गळ्यातच. पट्ट्याचे दोन वेढे बसलेले पाहून ती म्हणाली, "अहो सिस्टर, हिला माझा ब्लाउज घालून माप घ्याल का?"

"आता तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही हो. ढगळ आहे, एवढंच म्हणते."

सिस्टरांनी कमरेची किल्ली काढली. कुलूप उघडून मला बाहेर घेतलं.

मी त्या दंडाला नेमका बसलो. आकडा चढतच गेला. वाटलं, खोटं बोलावं. पण जे होतं तेच दाखवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या हृदयाची सोनोग्राफी केली आणि ते म्हणाले, "मूत्रपिंडं बिघडली की बीपी चढतं. रक्तवाहिन्या कडक होतात, हृदयावर ताण येतो. हिचं हृदय जरा जाड झालंय. पण अजून वेळ गेलेली नाही. आजपासून गोळी सुरू, खारवलेला मासा बंद."

"मग मक्याच्या पिठाचं आक्प्ले कशाशी खाऊ?" सित्सोफे रडवेली झाली.

"भेंडीच्या रश्शाशी, नखरेवाले!" आई म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

"चूक माझी," सिस्टर डेला सगळ्यांसमोर म्हणाल्या. तेव्हापासून मी दाराजवळच्या खिळ्यावर असतो. मळलो, उसवलो, अक्पेनेनेच मला टाके घातले.

आता सित्सोफे नऊ वर्षांची आहे. गोळ्या चालूच आहेत, आकडा मात्र ताब्यात आहे. परवा मी तिच्या दंडाला पुरलोच नाही.

"सिस्टर, हा तोकडा झाला!" ती ओरडली. सिस्टरांनी आधीच मागवलेला मधल्या मापाचा पट्टा काढला आणि हसता हसता रडल्या. नकोसा झाल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मी झिजेन, फाटेन, एखाद दिवस हरवेनही. पण बाबांनो, मला पुन्हा कुलपात घालू नका. बाहेर बाकावर चार वर्षांचं एक पोर बाही वर करून बसलंय.