अर्ध्या पलंगाचं घर

फोनवर ‘ये ना आई, केव्हाही ये’ म्हणायचं, आणि आई खरंच आली की तोंड असं करायचं जसं काही मी घरावर जप्ती घेऊन आले आहे! बेबीचं हे वागणं मला बसमधून उतरता उतरताच खटकलं. मिठी मारली तिने, नाही म्हणत नाही. पण मिठीतून तिची नजर माझ्या पत्र्याच्या पेटीवर.

“एवढं सामान, आई?”

“राहायला आले आहे. पाहुणी म्हणून नाही.”

ती हसली. लहानपणी कुणाच्या घरची काच फोडून आली की अशीच हसायची.

मी का आले ते सांगते. आमचं इस्त्रीचं दुकान. नवरा गेल्यावर ते मी एकटीने चालवलं, दोन्ही पोरं त्याच्यावर वाढवली. आता थोरल्याने सुनेला दुकानात बसवलं आणि मला म्हणाला, आई, तू आता आराम कर. आराम! तो मेल्यावर करायचाच असतो. तरी मी गप्प होते. मग एक दिवस माझ्यादेखत सून गिऱ्हाइकाला म्हणाली, “सासूबाईंच्या हाताला आता नेम राहिला नाही, परवा तुमचा शर्ट जळला.” जळला नव्हता. कॉलर जराशी पिवळी झाली होती. मी किल्ल्यांचा जुडगा तिच्या पुढ्यात फेकला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “माझी लेक शहरात मोठ्या हॉटेलात बायकांच्या विभागाची प्रमुख आहे. तिच्या घरी मला स्वतंत्र खोली आहे. या दारात पुन्हा पाऊल टाकलं तर नाव बदलून ठेवा माझं!”

खोलीचं मी मनाचं सांगितलं नव्हतं. बेबीनेच सांगितलं होतं, फोनवर, कितीदा तरी.

तर ती खोली. रात्री चार जिने चढून गेलो. एक लांबोडकं दालन, त्यात कपड्यांचे पडदे लावून केलेले खण, प्रत्येक खणात एक पलंग. बेबीच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून एक बाई झोपलेली.

“ही कोण?”

“शिवणवाली. कारखान्यात शिवते. रात्री पलंग तिचा असतो, दिवसा माझा.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती सकाळी उठली की मी झोपते.”

“आणि गादी थंड कधी होते?”

“आई, हळू बोल.”

“माझी खोली कुठे आहे?”

यावर बेबी पायातली चप्पल न्याहाळत उभी राहिली. उत्तर दिलं ते शिवणवालीने, तोंड न वळवता. “मावशी, मला सकाळी मशीनवर बसायचंय. भांडायचं असेल तर जिन्यात भांडा. आणि मालकिणीने पाहिलं ना, तर तुमच्यासकट आम्ही दोघी बाहेर. रात्री पाहुणा ठेवायचा नाही हा नियम आहे इथे.”

पेटी पलंगाखाली पूर्ण जाईना. अर्धी बाहेर राहिली. “माझा पाय आपटला तर ती खिडकीतून जाईल,” शिवणवालीने झोपेतच सांगितलं.

मी चार जिने पुन्हा उतरले. गुडघ्यांत कळा येत होत्या, पण बेबीचा हात धरला नाही.

“आज रात्री माझ्याबरोबर कामावर चल,” ती म्हणाली. “एका कोपऱ्यात बस. सकाळी शिवणवाली गेली की तू झोप पलंगावर.”

“आणि तू?”

“मी बघते माझं.”

“आणि उद्या रात्री?”

ती भरभर चालायला लागली. मीही मागून. काय तो रस्ता! आमच्याकडे या वेळेला कुत्री झोपतात. इथे दुकानांच्या पाट्या लाल-निळ्या पेटलेल्या, पोरी अशा नटलेल्या की प्रत्येकीचं लग्न आजच आहे. बंद दारांच्या आतून धाड धाड आवाज येत होते, आपल्याच छातीत कुणी खिळे ठोकावेत तसे. एक पोरगा पायरीवर बसून रडत होता आणि त्याचा मित्र त्याच्या पाठीवर थापटत फोनवर दुसऱ्याच कुणाशी हसत बोलत होता. कुणी कुणाला धक्का देऊन मागे बघत नव्हतं. पोटात सकाळपासून काही नव्हतं. बेबीने पाव घेऊन दिला, तो चालता चालता खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यात उभ्याने खाल्लं मी.

तिचं मोठं हॉटेल म्हणजे नाचघर निघालं. पुढच्या दाराशी रांग होती आणि एक पैलवान उभा होता. आम्ही मागून गेलो, बाटल्यांच्या खोक्यांमधून. बेबीने एक दार उघडलं. आत आरसे, बेसिनं आणि संडासांच्या दारांची ओळ.

बायकांचा विभाग. तिची प्रमुख माझी लेक.

  तिने एप्रन बांधला. बेसिनजवळच्या टेबलावर कंगवा, पिना, सुई-दोरा, अत्तराची बाटली, कागदी रुमाल मांडले. शेवटी एक चिनी मातीची बशी ठेवली, रिकामी. मला फडक्या-बादल्यांच्या कपाटाशेजारी स्टुलावर बसवलं.

“कुणाशी बोलायचं नाही. उठायचं नाही. कुणी विचारलं तर तुला ऐकू येत नाही.”

“तेवढंच राहिलं होतं,” मी म्हटलं.

मग पोरी यायला लागल्या. बाहेर त्या हसताना दिसतात ना, त्या इथे येऊन रडतात. एकीने आरशासमोर स्वतःलाच शिव्या दिल्या. एक ओकली, बेबीने तिचे केस मागे धरले, तोंड पुसलं, फाटलेली बाही दोन टाक्यांत शिवून दिली. ओकलेली पोरगी बेबीला म्हणाली, “तू किती छान आहेस गं, माझ्या आईपेक्षा छान आहेस.” बेबीने माझ्याकडे पाहिलं नाही. एक उंच टाचांची पोर माझ्यापाशी येऊन बसली, खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “आजी, मला घरी जायचंय.” म्हटलं, जा की मग. म्हणाली, “घरी कुणी नाहीये.” आणि उठून परत नाचायला गेली. मी त्या ओल्या फरशीकडे बघत बसले. इथे माझी लेक किती दिवस उभी आहे, कुणास ठाऊक. आम्हाला वाटायचं ती खुर्चीवर बसून हुकूम सोडते.

इतक्यात काळ्या कोटातल्या मॅनेजरने दार अर्धवट उघडून “वर सांडलंय” एवढंच म्हटलं. बेबी बादली घेऊन पळाली. जाताना मला डोळ्यांनी दटावलं.

आता माझं काय चुकलं ते तुम्हीच ठरवा. आमच्या धंद्यात एक रीत आहे. कपड्याच्या खिशात जे सापडेल ते गिऱ्हाइकाचं. नाणं असो, चिठ्ठी असो, अर्धी तुटलेली गुंडी असो. ते वेगळं काढून ठेवायचं आणि गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरून उतरायच्या आत त्याच्या हातात द्यायचं. पोरांना मी याच्यावरून मारलेलं आहे. इस्त्रीवाल्याचा हात एकदा दुसऱ्याच्या खिशात गेला की दुकानाला कुलूप.

तर लाल कपड्यांतली एक पोरगी हात धुऊन गेली, तिची नाणी त्या बशीत राहिली. दुसरी गेली, तिचीही राहिली. मी हाक मारली, “अगं बाई, तुझे राहिले!” बाहेरच्या धडधडीत कुणाला ऐकू जातंय! तिसरीनेही ठेवली. मला वाटलं, दारू प्यायलेल्या पोरी, शुद्ध नाही, अंगठ्या काढून ठेवतात तसे पैसे काढून ठेवतात आणि विसरतात. आणि उद्या ओरडा होणार कुणाच्या नावाने? माझ्या लेकीच्या. मी बशी उचलली आणि बाहेर पडले.

बाहेर अंधार, आणि अंधारात विजा चमकाव्यात तसा उजेड. क्षणात सगळे दिसायचे, क्षणात नाहीसे. माणसं नव्हेच, नुसते हात आणि दात. मी त्या लाल कपड्यांतल्या पोरीला ओळखलं, तिचा दंड धरला आणि बशी पुढे केली. ती किंचाळली. तिला वाटलं म्हातारी भीक मागते आहे. “नाही गं, तुझेच आहेत!” मी ओरडत होते. तिच्याबरोबरच्या पोराने बशीत आणखी एक नाणं टाकलं आणि हसला. आजूबाजूचेही हसायला लागले. एकीने मोबाइल वर धरला. कुणीतरी माझे दोन्ही हात धरून मला गोल फिरवलं, नाचवल्यासारखं. बशी पडली, फुटली. मी खाली वाकून नाणी वेचायला लागले आणि माझ्या बोटांवर बुटाचा पाय पडला.

संगीत थांबलं नाही. मॅनेजर आला. त्याने मला दंडाला धरून भिंतीपाशी नेलं. तेवढ्यात बेबीही धावत आली, हातात ओलं फडकं.

“ही कोण आहे?” मॅनेजरने तिला विचारलं. “तुझ्या विभागातून बाहेर आली. तू आणलीस हिला?”

बेबीचं तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघत होते. तिने ‘आई’ म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, हे मला त्या माणसाच्या डोळ्यांत दिसत होतं. नोकरी गेली की अर्धा पलंग गेला. 

मीच म्हटलं, “मी हिला ओळखत नाही. रस्त्यावरून आले, मागचं दार उघडं होतं.”

“खरं?” त्याने बेबीला विचारलं.

आणि माझ्या लेकीने मान हलवली. होकाराची.

पैलवानाने मला पुढच्या दाराने बाहेर काढलं. माणूस बरा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “आजी, कुणाची आहात?” म्हटलं, “कुणाची नाही.” त्याने आपली प्लॅस्टिकची खुर्ची दिली, बोटांना बांधायला रुमाल दिला. मी रांगेतल्या लोकांच्या समोर बसले. शाल पेटीत होती. पेटी चार जिने वर, शिवणवालीच्या पायाशी. त्या घराचा पत्ताही मला सांगता आला नसता.

बसल्या बसल्या मी काय काय केलं मनात! बसमध्ये बसले, गल्लीत उतरले, सुनेच्या समोर उभी राहिले. प्रत्येक वेळी तिथवर आलं की पुढे जाता येईना. मग उलटं करून बघितलं. इथेच राहायचं. दिवसा पलंगावर मी आणि बेबी, अंगाला अंग लावून. रात्री ती कामावर, आणि मी? या खुर्चीत? तिसरं काही सुचेचना. वाटलं, इथेच जीव गेला तर निदान कुणाला विचारावं लागणार नाही. पैलवान मधून मधून “आजी, झोपू नका, गार आहे” म्हणत राहिला.

बेबी बाहेर आली तेव्हा रस्ते झाडायला सुरुवात झाली होती. चेहरा पांढराफटक. माझ्या बोटांना हात लावायला गेली, मी हात मागे घेतला.

“अगं, ती बशी आमच्यासाठीच असते,” ती म्हणाली. “पगार नाही मला. बशीतच सगळं.”

“मग सांगायचं होतंस.”

“काय सांगू? संडासात उभी राहते म्हणून? तू गल्लीभर मिरवत होतीस, दादा मला विचारून विचारून सगळ्यांना सांगत होता. मी एक बोलले, तुम्ही त्याचा डोंगर केलात.”

“आणि खोली?”

“तू येशील असं वाटलंच नाही मला. तू दुकान सोडून येशील असं कुणाला वाटलं असतं?” आता ती रडायला लागली. “आई, ऐक. तू परत जा. दादाला सांग, खोली छान आहे, हवा मानवली नाही. तुझीही अब्रू राहील, माझीही राहील. थोड्या दिवसांनी मी नीट जागा बघते, मग तू ये.”

पुन्हा ये. रात्रभर खुर्चीत बसवून पुन्हा तेच.

पैलवान दुसरीकडे तोंड करून कुलूप लावत होता. मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली, उभी राहिले.  या वेळी बेबीचा खांदा धरला, कारण धरला नसता तर पडले असते.

“चल, पेटी काढून दे,” मी म्हटलं. “जाते मी परत. सुनेला सांगेन, बाई, मला जागा नाही, एका कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालू दे. खोलीचं विचारतील, तर नाही म्हणेन. तुझं काम विचारतील, तर जे आहे ते सांगेन. ओकणाऱ्या पोरींचे केस धरतेस, चांगलं काम आहे, मी पाहिलंय. त्याची मला लाज नाही. मी तुला ओळखत नाही म्हणाले ते तुझ्या पोटासाठी. तू मान हलवलीस ती कशासाठी, ते तूच बघ. तू दुष्ट नाहीस, बेबे. कुणाचं वाईट करायला जाणार नाहीस. पण तुझ्या भरवशावर कुणी म्हातारं होऊ नये.”