अळणी कमळ

चैत्रातली दुपार. तापल्या तांब्याच्या रंगाचं आकाश, आणि त्या आकाशाखाली कृष्णेचा कृश, संथ, नीलधूसर प्रवाह. काठच्या मळीत काकडीचे वेल भुईशी अंग टाकून निपचित पडलेले. पानापानाआड पाणी राखून ठेवलेली ती लवदार, हरितश्याम फळं. वारा नव्हता. पिंपळाची कोवळी ताम्रवर्ण पालवीसुद्धा हलत नव्हती. उन्हाच्या ओंजळीत सारं गाव डोळे मिटून बसलं होतं.

घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं की तिसरं घर पाटणकरांचं. त्या घरात चैत्रगौर झोपाळ्यात बसली होती. चिमुकली, पितळेची, सुवर्णमुखी. तिच्या मागे जरीकाठी शालू, पुढे मोगऱ्याची रास, आणि आज तिचं हळदीकुंकू.

स्वयंपाकघरात कालिंदी पाटावर बसून काकड्या सोलत होती. साठीला टेकलेली, किरकोळ अंगाची, कपाळावर ठसठशीत कुंकवाची कालिंदी. सालीच्या लांब हिरव्या फिती तिच्या पावलांशी पडत होत्या. डोळ्यांवर झोप होती, मनगटात कळ होती, कमरेत जुन्या दारासारखी कुरकुर होती. कालिंदी थकली होती. एका दिवसाचं थकणं नव्हे ते. थेंबाथेंबानं साचलेलं, रांजणाच्या तळाशी गाळ बसावा तसं बसलेलं.

"यंदा नुसतं पन्हं दिलंस, तर कोण काय म्हणणार आहे?" दारातून गजाननराव म्हणाले. नवरा होता तिचा. चार महिने तिचं झिजणं मुकाट पाहत होता.

"कुणी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "म्हणून तर करायचं."

ते आत आले. कैऱ्यांची पिशवी तिच्या हाताशी सरकवून निघून गेले.

करायचं होतं ते कमळ. गल्लीत सगळ्या त्याला गौरीचं कमळच म्हणत. परातीएवढं पितळी ताट. मधोमध वाटली डाळ, कैरी घातलेली, दह्यात सैलसर कालवलेली, पिवळीधमक. आणि भोवती पाकळ्याच पाकळ्या. काकडीच्या शुभ्रहरित, गाजराच्या केशरी, मुळ्याच्या चंद्रधवल, बिटाच्या माणिकरंगी. पाकळी उचलायची, डाळीत बुडवायची, खायची. उन्हाळ्यात कोरडी डाळ घशाखाली उतरत नाही म्हणून ही युक्ती काढली होती सुभद्रावहिनींनी, कालिंदीच्या मोठ्या जावेनं. छत्तीस वर्षं हे कमळ त्यांच्याच हातून फुललं. कालिंदीनं फक्त काकड्या सोलायच्या आणि बोलणी खायची. "अगं, पाकळी कापतेयस की सरपण फोडतेयस?"

त्या सुभद्रावहिनी आता मागच्या खोलीत निजून होत्या.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, देवापुढे रांगोळी काढता काढता, वाऱ्याचा झटका आला आणि उजवं अंग गेलं. वाचा गेली. डोळे उघडे, पण ते छताच्या पाटणीला चिकटलेले. चमचा ओठाशी नेला तर ओठ उघडत. काढला तर मिटत. पेज द्या, खिमट द्या, गार द्या, कोमट द्या. आवडलं नाही की नावडलं नाही. तहान मागितली नाही, भूक मागितली नाही, कूसही मागितली नाही. दर दोन तासांनी कालिंदीच त्यांना वळवी. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. जणू झाडाखाली पडलेलं फळ, उन्हानं एका अंगावर करपू नये म्हणून कुणी फिरवत राहावं.

त्याच गुरुवारी कालिंदीनं देवीपुढे पाणी सोडलं होतं. ज्या दिवशी वहिनी स्वतःहून काही मागतील, त्या दिवशी मी मीठ खाईन. तोवर अळणी.

कालिंदीला व्रतांची सवय होती. सोमवार तिचे, चतुर्थ्या तिच्या, चातुर्मास तिचा. पण हे व्रत वेगळं निघालं. चार महिने झाले. डॉक्टरांनी वहिनींचंही मीठ तोडलेलं, म्हणून सारी चूलच अळणी झाली. गजाननराव पानात वरून घेत. भात अळणी, आमटी अळणी, दिवस अळणी. जिभेचं काही नव्हतं. जीभ निमूट असते. मन मात्र अलीकडे एक प्रश्न विचारू लागलं होतं, आणि तो प्रश्न तिच्या देवपूजेतही येऊन बसत होता. मागणारं कुणी आत उरलंच नसेल तर?

तर मग ती कुणाला वळवत होती? कुणासाठी उठत होती? रिकाम्या देवळात घंटा वाजवावी, तशी ती चार महिने वाजवत होती का?

आज संध्याकाळी, बायका गेल्या की, गौरीपुढे पदर पसरायचा असं तिनं ठरवलं होतं. व्रतातून सोडव, म्हणायचं. मला आता होत नाही.

डाळ वाटून झाली. हिरवी मिरची, ओलं खोबरं, कोथिंबीर, किसलेली कैरी. एकावर एक थर पडत गेले, पिवळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर हिरवा. दही घुसळून ठेवलं. मीठ घ्यायला म्हणून ती उठली, आणि भिंतीवरच्या घड्याळात तीनचे ठोके पडले. वळवायची वेळ.

ती मागच्या खोलीत गेली. वहिनींना कुशीवर घेतलं, पाठ पुसली, पावडर लावली, उशीचा टेका दिला. पातळशी चांदीची वेणी सारखी केली. "आज हळदीकुंकू आहे हो आपलं," ती म्हणाली. डोळे पाटणीशीच होते. ती परत आली, हात धुतले, फोडणी केली. मोहरी तडतडली, हिंगाचा घमघमाट घरभर पसरला. फोडणी डाळीवर ओतली, दही घातलं, कालवलं.

मीठ राहिलं.

चाखलं असतं तर कळलं असतं. पण नैवेद्याआधी चाखायचं नसतं. नैवेद्यानंतर चाखता आलं असतं. पण तिचं तर व्रत. आणि गौरीनं तर आजवर कुणाच्या स्वयंपाकाला नाव ठेवलेलं नाही.

पाच वाजता ऊन सोनेरी-पिवळं झालं, आणि गल्लीतून बायका येऊ लागल्या. काठापदरांची सळसळ, काकणांची किणकिण, मोगऱ्याचा दरवळ. हातांना चंदन, त्यावर गुलाबपाण्याचा शिडकावा, ओटीत भिजवलेले हरभरे. झोपाळ्याची दोरी एकेकीनं हलवली, गौर झुलली. आत डोकावून एकदोघी म्हणाल्या, "सुभद्रावहिनी, ओळखलंत का?" आणि उत्तर न घेता, पदरानं डोळे टिपत बाहेर आल्या.

मग ताट आलं. सगळ्या पुढे सरकल्या, इतकं ते उमललं होतं.

"अगदी दरवर्षीसारखं हो," समोरच्या घरची नवी सून पद्मजा म्हणाली. तिचं हे या घरातलं दुसरंच हळदीकुंकू.

"दरवर्षीसारखं कसं असेल?" आगाशेकाकू म्हणाल्या. "सुभद्रावहिनींच्या कमळाला पाकळीवर पाकळी असायची. हे आपलं पसरट आहे."

"काकू, पाकळ्या मोजू नका, उचला," लेल्यांची विजया म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

पाकळ्या डाळीत बुडाल्या. पाकळ्या ओठांशी गेल्या. आणि मग बोलणं जरासं विरळ झालं. उन्हात पाखरांचा आवाज विरळ व्हावा तसं.

"छान झालीय हो," पद्मजा जरा थांबून म्हणाली.

"गार वाटलं," विजया म्हणाली.

आगाशेकाकूंनी एकदा डाळीकडे पाहिलं, एकदा कालिंदीच्या डोळ्यांखालच्या काळ्या महिरपींकडे पाहिलं. त्यांची जीभ गल्लीत नावाजलेली; पण प्रसादाला नाव ठेवायचं नाही, हे त्या जिभेलाही ठाऊक होतं. "पन्हं आहे का गं आणखी?" एवढंच त्या म्हणाल्या. "पेला जरा मोठा दे."

सगळ्या गेल्या. घर एकदम मोठं झालं, आणि रिकामं झालं. उंबऱ्यावर कुंकवाचे सांडलेले कण, सतरंजीवर चुरगळलेली फुलं. पश्चिमेचा जांभळा-तांबडा उजेड खिडकीच्या गजांतून आत येऊन भिंतीला टेकला होता, दमलेल्या पाहुण्यासारखा.

कालिंदी गौरीपुढे बसली. पदर पसरला. शब्द शोधले. "आई," ती हळू म्हणाली, "मला सोडव आता. मागणारं कुणी नाही गं तिथं." आणि असं म्हटल्याबरोबर तिचीच तिला भीती वाटली. बसवेना. ताटात उरलं होतं ते घेऊन ती उठली. कळो न कळो, प्रसाद द्यायला हवा.

वाटीत डाळ, बशीत चार पाकळ्या. ती वहिनींच्या उशाशी बसली. चमच्याच्या टोकावर जराशी डाळ. ओठ उघडले. ओठ मिटले.

घास गिळला गेला नाही.

तो तोंडातच थांबला. कालिंदीनं चमचा मागे घेतला. अडकला की काय. आणि तेवढ्यात, चार महिने छताला खिळलेले ते डोळे हलले. पाटणीवरून भिंतीवर, भिंतीवरून खिडकीवर, खिडकीवरून वाटीवर. उंच फांदीवरून एखादं म्हातारं पाखरू थांबत थांबत खाली उतरावं, तसे उतरले. कपाळावर एक आठी पडली. मग दुसरी.

डावा हात पांघरुणावरून उचलला गेला. थरथरत वाटीवर आला. अंगठा आणि दोन बोटं एकत्र आली, आणि एकमेकांवर घासली गेली.

"पाणी हवं?" कालिंदीनं विचारलं.

मान किंचित हलली. नाही. बोटं पुन्हा घासली गेली, या खेपेला चिडून.

कालिंदी त्या बोटांकडे बघत राहिली. "मीठ?"

हात खाली आला. डोळे मिटून उघडले. किती वेळ लागला गं तुला, असे.

"मेलं मीठच राहिलं," कालिंदी पुटपुटली. "वहिनी, अख्ख्या गल्लीला अळणी खायला घातलं मी. आणि एकीनं चकार शब्द काढला नाही." वहिनींच्या तोंडाची डावी कड, जिवंत राहिलेली, जराशी वर गेली. पेज अळणी चालली होती, खिमट अळणी चाललं होतं. ही डाळ त्यांची होती. ती चालणार नव्हती.

कालिंदीनं मिठाची बरणी आणली. दोन दाणे जिभेला लागले तर डॉक्टर रागावतील, रागावू देत. तिनं वहिनींच्या बोटांना मीठ दिलं. बोटांनी ते वाटीवर सोडलं. थोडं वाटीत, थोडं पांघरुणावर, थोडं कालिंदीच्या मनगटावर. तिनं कालवलं. घास दिला. तो गिळला गेला. आणि चमचा पुन्हा ओठाशी येण्याआधीच ओठ उघडले.

मग कालिंदीनं काकडीची एक पाकळी उचलली, डाळीत बुडवली, खाल्ली. चार महिन्यांनी आलेलं ते मीठ. गाढ झोपेत कुणी नावानं हाक मारावी, तसं ते जिभेला वाटलं. गोड नव्हे, कडक, ओळखीचं, आपलं.

थकवा गेला नाही. तो कसा जाईल? पाच वाजले तेव्हा वळवायचं राहूनच गेलं होतं. आत्ता वळवायचं होतं, आणि मग नवाला पुन्हा. पण ती आपण होऊन भुईवर बसली, पलंगाच्या खुराला पाठ टेकली, आणि थकव्याला शेजारी बसू दिलं. वर हात करून एक घास वहिनींना, एक घास स्वतःला.

खिडकीतला उजेड तांबड्याचा जांभळा, जांभळ्याचा करडा होत गेला. खोलीच्या दाराबाहेर गजाननराव कान देऊन उभे राहिले. खोलीत बोलणं नव्हतं. चमचा वाटीला लागत होता. काकडी दाताखाली मोडत होती. ओली, हिरवी, सावकाश. आणि मग चमचा. आणि मग काकडी. आणि मग, जराशानं, पुन्हा चमचा.