बशीतली मोकळी जागा

भीमराजची जीप दारव्ह्याहून आजूबाजूच्या गावांना प्रवासी नेते. एका सकाळी त्याची मुलगी प्रियंका जीपच्या मागच्या दांडीवरून ओला बोळा फिरवत होती. चढणारा प्रत्येक जण तीच दांडी धरतो.

"पुसाचंच हाय तं पुरी गाडी पूस ना व!" भीमराज म्हणाला.

"पुसून नाही राह्यली बाबा, जंतू घेऊन राह्यली. कॉलेजात मारायचे हायेत."

प्रियंका सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. जंतू मारायचं यंत्र तिच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या पुष्पा राठोड मॅडमनी जुळवलं होतं. एका काचेच्या नळीतून आर्गन वायू सोडायचा आणि त्याला जबर दाबाची वीज द्यायची, की टोकाला बोटभर निळसर जांभळी ज्योत उमटायची. प्लाझ्मा म्हणतात तिला. दिसायला ज्योत, पण थंड. मॅडमनी आधी स्वतःचं बोट धरून दाखवलं, तेव्हा कुठे प्रियंकाने धरलं.

दांडीवरचे जंतू तिने वाढवले, काचेच्या बशांमध्ये सारखे पसरले आणि मधोमध ज्योत धरली. तीनदा काहीच झालं नाही. दर वेळी दुसऱ्या दिवशी बशी जंतूंनी काठोकाठ भरलेली. चौथ्यांदा मॅडमनी नळी खूप जवळ आणली आणि दोन मिनिटं धरली.

सकाळी प्रियंकाने बशा उबेत ठेवायचा इन्क्युबेटर उघडला आणि बापाला फोन लावला. "बाबा, आत्ताच्या आत्ता या!"

भीमराज प्रवाशांना खाली जीपमध्येच बसवून जिने चढून आला. पांढुरक्या बशीच्या मधोमध रुपयाएवढा स्वच्छ गोल होता.

"इथं तं काहीच नाही!"

"हाव ना बाबा! काहीच नाही!"

मग त्याला उमगलं आणि तोही हसायला लागला. पण बशी निरखता निरखता थांबला. "मॅडम, एक विचारू? हा गॅस जोरानं सुटते. नळी जवळ आणली तं जंतू फुंकरीनंच बाजूले झाले नसन कशावरून? गाडी सेल्फनं सुरू झाली का धक्क्यानं, हे पाहा लागते ना."

प्रियंकाचं हसू मावळलं. मॅडमनी चष्मा काढला. "खरंय तुमचं. नुसत्या गॅसची बशी आम्ही नळी लांब असतानाच घेतली होती. जवळून घेतलीच नाही."

त्याच दुपारी दोन बशा मांडल्या. अंतर तेच, वेळ तीच. एकीला वीज आणि गॅस, दुसरीला नुसता गॅस.

दुसऱ्या दिवशी भीमराज न बोलावता हजर झाला. त्याच्या जीपमधून बाजाराला निघालेली हंसाबाई पेरूंची टोपली घेऊन त्याच्या मागोमाग वर आली. "पोरीनं काय केलं ते मले बी पाहू दे," म्हणाली.

नुसत्या गॅसची बशी काठोकाठ भरली होती. दुसरीत मधोमध स्वच्छ गोल.

"फुंकरीनं नाही गेले बाबा! प्लाझ्मानंच मेले!" प्रियंकाने बापाचे दोन्ही हात धरून त्याला गर्रकन फिरवलं.

मॅडमनी वही उघडली. "भाऊ, पूर्ण नाव सांगा. ही तपासणी तुम्ही सुचवली, तसं लिहिते."

भीमराजने घसा खाकरून, शाळेत हजेरीला सांगावं तसं नाव सांगितलं. हंसाबाईने टोपलीतून चार पेरू काढले.

"इथे खायचं नाही!" मॅडम ओरडल्या.

मग सगळेच बाहेरच्या व्हरांड्यात गेले, नळावर साबणाने हात धुतले आणि उभ्याउभ्या पेरू खाल्ले. खाली जीपमधले प्रवासी ओरडत होते, "भीमराज, चालतं का नाही बाप्पा?"

"आलो, आलो," तो तोंडात पेरू धरूनच म्हणाला, आणि जागचा हलला नाही.