भरतीला गेलेला बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. उजवा. डावा इथेच शेजारी बसलाय, पण तो पहिल्यापासूनच मुखदुर्बळ. त्यामुळे आम्हा दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते.

माझा जन्म वरोऱ्याच्या बाजारात झाला. पोचू नावाच्या कारागिराने मला मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं, शेवटचा खिळा ठोकला आणि उजेडात धरून म्हणाला, "वा रे पठ्ठ्या!" तेव्हापासून माझ्या डोक्यात जरा हवा गेली, हे मी कबूल करतो.

मला विकत घेतलं गुणवंतराव गुरुजींनी. चामोर्शीपासून बारा मैलांवर, जंगलातल्या एका गावात ते शाळामास्तर होते. एरवी ते चपलाच घालत. तपासणीचे साहेब येणार असले की मग मनकर्णाबाई, गुरुजींच्या पत्नी, आमच्यावर तेलाचं बोट फिरवत आणि आम्हाला चकाचक पुसत. गावात बुटांचा जोड एकच, तो म्हणजे आम्ही! सारा गाव आमच्याकडे टकामका बघायचा. काय मजेचे दिवस होते ते!

छप्पन साली दवंडी आली. चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी भरतीचा मेळावा भरणार होता. सडक खात्याला मुकादम हवे होते, ठेकेदारांना बांबू मोजणारे आणि जंगल खात्याला गार्ड. गुरुजींचा जुना विद्यार्थी लालसू चौथी पास होता, आणि त्याला गार्डच व्हायचं होतं. घरी म्हातारी आई एकटी, धुरपता तिचं नाव. जंगलात नोकरी लागली तर तो तिच्याजवळ राहणार होता, नाहीतर दूर कोळशाच्या खाणीत जावं लागणार होतं. आणि धुरपता काही केल्या गाव सोडायला तयार नव्हती.

"साहेबलोकं पहिले पाय पाह्यते," गुरुजी त्याला म्हणाले. "माहे बूट घेऊन जाय."

"तुमचे बूट? खराब झाले तं, गुरुजी?"

"अरे, बूट खराब व्हायसाठीच रायते!"

माझी छाती फुगली. म्हटलं, आता या पोराची नोकरी माझ्याच हातात.

सकाळी निघालो. पण वेशीबाहेर पडताच लालसूने काय करावं? आमच्या नाड्या एकमेकींना बांधल्या, आम्हाला काठीला टांगलं, काठी खांद्यावर टाकली आणि हा चालला अनवाणी! बारा मैल, मित्रांनो. तो काट्यांतून चालत होता आणि आम्ही पाहुण्यासारखे झुलत होतो. मला असा राग आला म्हणून सांगू!

चामोर्शीला पोचल्यावर त्याने तळ्यावर पाय धुतले, पुसून कोरडे केले आणि मग कुठे आम्ही पायात गेलो. गुरुजींचा पाय मोठा, म्हणून पुढे कापूस कोंबला होता. लंगडत लंगडत तो जंगल खात्याच्या तंबूपाशी गेला. म्हटलं, चला, आली आपली वेळ!

कसली वेळ! लालसूच्या गावात मोठ्या माणसासमोर पायताण घालून कोणी उभं राहत नाही. त्याने दारातच आम्हाला काढलं, मोहाच्या झाडाखाली नीट जोडीने ठेवलं आणि हात जोडून आत गेला. "अरे वेड्या, ज्याच्यासाठी आणलं त्यालाच दाखवत नाहीस?" मी ओरडलो. पण बुटाचं कोण ऐकतो?

आतून कारकुनाचा आवाज आला, "अनवाणी? गार्डला दिवसाला वीस मैल हिंडावं लागतं. स्वतःचे बूट नाहीत त्याला आम्ही घेत नाही. चल, पुढचा!"

"हायेत ना जी. बाहेर ठेवले. बारा मैल चालून आलो."

कारकून तरातरा बाहेर आला. मागे साहेबही आले. कारकुनाने मला उलटं केलं.

"साहेब, हा खोटं बोलतो. म्हणे बारा मैल चालून आलो, आणि तळ बघा, नवाकोरा! कोणाचे तरी उचलून दाखवतोय. घाल बरं पायात!"

लालसूने आम्हाला घातलं. घाईत कापूस बाहेर आला. रांगेतले सगळे फिदीफिदी हसले. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

त्या क्षणी त्याला "माझेच आहेत, जरा सैल शिवले" म्हणता आलं असतं. नोकरी, आई, सगळं त्या एका वाक्यावर अडलं होतं.

"माहे नाई साहेब," लालसू म्हणाला. "आमच्या गुरुजींचे हायेत. मागून आणले. रस्त्यानं घासले असते तं त्याहिले काय तोंड दाखवलं असतं? म्हणून काठीले टांगून आणले."

"पाय दाखव," साहेब म्हणाले.

त्याने मला काढलं आणि पाय उचलला. टाचेत बोराटीचा काटा तसाच होता. साहेबांनी वाकून तो बघितला. मग कारकुनाकडे वळले.

"याचं नाव लिहा. परक्याची वस्तू जो इतकी जपतो, तो जंगलही जपेल."

"जंगल परकं नाई साहेब," लालसू हळूच म्हणाला. "ते तं आमचंच हाये."

कारकुनाने कपाळाला हात लावला. साहेब मात्र मोठ्याने हसले. "मग तर आणखीच बरं! लिहा हो, लिहा. बूट घेईल पुढे सावकाश."

मित्रांनो, मला लाज वाटली आणि आनंदही झाला. मी समजत होतो की माझी चकाकी पोराला तारणार. त्याला तारलं त्याच्या टाचेने आणि खऱ्या बोलण्याने.

परत येतानाही आम्ही काठीवरच होतो, पण या वेळी मला मुळीच राग आला नाही. धुरपताने लेकाच्या टाचेतला काटा काढला आणि पदराने डोळे पुसले. गुरुजींनी आम्हाला हातात घेऊन न्याहाळलं.

"काऊन रे, घातलेच नाई का?"

"घातले ना, गुरुजी. पस्तीस पावलं."

आता आमचं कातडं भेगाळलं आहे आणि गुरुजींनी नवा जोड घेतला आहे. आमची जागा फळीवर, पण तक्रार नाही. लालसू गार्ड अधूनमधून येतो, आम्हाला खाली उतरवून तेल लावतो आणि मगच चहा घेतो.

तेव्हा मित्रांनो, तुम्हीही कोणाचं पुस्तक, छत्री, सायकल मागून आणाल. आणा, जरूर वापरा. पण जिवापाड जपा, आणि चुकून काही बिघडलंच तर मालकाला खरं काय ते सांगा. त्याला पुन्हा तुमच्या हाती वस्तू देताना विचार करावा लागू नये.