अकरा दिवसांचा स्वयंपाक

पिनेचा एक पाय नीट दुमडला नव्हता आणि तो मघापासून ओब्दुलियाच्या अंगठ्याला टोचत होता. आश्रयाच्या अर्जाची सात पानं, कोपऱ्यात ही वाकडी पिन... नवरा, लिंबाची बाग, मेक्सिकोतल्या मिचोआकानमधलं ते उन्हाने भाजून निघणारं गाव, सगळं या बाईने सात पानांत बसवलं, आणि साधं टाचायची अक्कल नाही! समोर वकीलबाई त्रेव्हिन्यो. जन्म इथलाच, अमेरिकेतला, तूसानचा. स्पॅनिश बोलते ती तोंडात गुळणी धरल्यासारखी. पण फुकट काम करते, म्हणून मान द्यायचा.

"दोन्या ओब्दुलिया, अडचण जेवणाची आहे," वकीलबाई म्हणाली. "ती टोळी आता सरकारच्या यादीत दहशतवादी आहे. तिला जेवण दिलं म्हणजे दहशतवादाला मदत केली, असा अर्थ लावतात."

"दिलं? माझ्याच अंगणात बसून हादडलं मेल्यांनी!"

"तेच लिहायचंय. जबरदस्तीने केलं असेल, तर थोडी तरी वाट आहे. स्वखुशीने काही दिलं असेल तर संपलंच. अर्ज फेटाळतील. तुम्ही आणि नेरेइदा, दोघी परत."

शेजारी बसलेली नेरेइदा, ओब्दुलियाची एकोणीस वर्षांची लेक, पाय हलवत होती. परत म्हणजे कुठे, हे दोघींना ठाऊक होतं. गावात अजून तीच माणसं होती.

दहशतवादी म्हणे! टोळीतल्या त्या चाटोला हे कळलं तर मिशीला पीळ देत फिरेल — मिशी कसली, चार केस — की बघा, केवढा मोठा झालो. चपट्या नाकाचा, शेंबूड पुसायची अक्कल नसलेला, ओब्दुलियाच्या टर्की कोंबड्याला घाबरून कुंपणावर चढलेला तो! दुसऱ्या टोळीने रस्ता अडवला म्हणून हे नऊ जण अकरा दिवस तिच्या अंगणात पडून होते, बंदुका भिंतीला टेकवून, दिवसातून तीनदा घेवड्याच्या पातेल्याभोवती... आणि या थंडगार इमारतींत बसलेल्या शहाण्यांनी त्यांना एवढं भारदस्त नाव दिलं. नाव त्यांना, आणि गुन्हेगार मी. घेवडा शिजवला म्हणून! मीठही बेताचं घातलं होतं, हो. खारट करता आला असता, करपवता आला असता... पण माझ्या हातून बेचव होत नाही, त्याला मी काय करू?

"जेवणाशिवाय आणखी काही?" वकीलबाईने पेन उचललं. "निरोप, अंथरूण, औषध?"

नेरेइदाचा हलणारा पाय थांबला.

सातव्या दिवशी चाटोचं पोट बिघडलं होतं. लिंबांच्या मागे गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, तोंड हिरवं पडलेलं, आणि बाकीचे आठ जण त्याच्यावर दात काढत होते. त्याने काही मागितलं नव्हतं. कोणी हुकूमही सोडला नव्हता. तिनेच नेरेइदाला पेरूचा पाला तोडायला लावलं, काढा उकळला, कोमट केला आणि त्याच्या हातात दिला. "घोट घोट पी," म्हणाली, "आणि भांडं विसळून ठेव." त्याने भांडं खरंच विसळून ठेवलं. "देव तुमचं भलं करो, आई," म्हणाला.

अकराव्या दिवशी निघताना त्याच चाटोने एवेलिओला, तिच्या नवऱ्याला, रस्ता दाखवायला म्हणून गाडीत घातलं. एवेलिओ परत आला नाही.

त्याने अंगणात घाण करू नये म्हणून काढा दिला, असं तिने स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं होतं... खोटं. तो कण्हत होता म्हणून दिला. नेरेइदा त्यावर एकदाच बोलली होती, सरहद्दीच्या पुलावर रांगेत उभं असताना — "आई, मरू द्यायचा होतास."

"दोन्या ओब्दुलिया? हे शपथेवर आहे, म्हणून विचारते."

सोपं होतं. नाही म्हणायचं. ही गुळणी धरून बोलणारी बाई, तो न्यायाधीश, यादी करणारं ते सरकार — यांची काय लायकी, की त्यांच्यासमोर मी खरं ओकावं? तिने नेरेइदाकडे पाहिलं. पोरगी पानांकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून, आणि तिची मान अगदी थोडी, नकारार्थी हलली.

घेवडा भीतीने शिजवला होता, भाकऱ्या भीतीने थापल्या होत्या. अकरा दिवसांत आपल्या मनाने केलेलं असं ते एकच काम होतं. आणि ते ज्याच्यासाठी केलं, त्याने...

"नाही," ओब्दुलिया म्हणाली. "आणखी काही नाही."

वकीलबाईने मान डोलावून लिहून घेतलं. सकाळपासून ओब्दुलिया ज्याला त्याला मनातल्या मनात पायरीखाली उभं करत आली होती. आता तिथे ती स्वतः होती, आणि तिला स्वतःची शिसारी आली — तेव्हा काढा दिला म्हणून, की आत्ता तो नाकारला म्हणून, हे मात्र तिला काही केल्या ठरवता येईना.